नुसते ओठ

९ जानेवारी

धाकट्या,

वाईट आधी. पुढच्या महिन्यातल्या सुट्टीत मला यायला जमत नाही. हॉटेलात माणसं भरली आहेत, आमच्या धुलाईघरात चादरींचे डोंगर झालेत, आणि सुट्टीचं नाव काढलं की मुकादमीण अशी बघते की मीच तिची चादर पळवली. भिंगरीचे बाबाही ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेत. तर तिला एवढ्यात काही सांगू नका. ती दिवस मोजत बसली असेल. जवळ आलं की मीच काहीतरी जुळवून लिहीन.

बघ, आपल्या बाबांचा कायदा पाळला की नाही? काकांचं ते पत्र आठवतं ना, चार पानं विहिरीच्या पाण्याची आणि गाय व्यायल्याची, आणि शेवटच्या ओळीत आजी गेल्याचं? बाबा मोठ्याने वाचत होते, हसत होते, आणि हसता हसताच त्या ओळीवर पोचले. तेव्हापासून आपल्या घरात वाईट आधी, चांगलं मागून. आणि फोनवर तर काय, फोनवर सगळी दुनिया मजेत असते.

आता चांगलं. भिंगरी तुमच्याकडे आहे म्हणून मला झोप लागते. इथल्या शाळेत तिला मागच्या बाकावर बसवून ठेवायचे, शोभेची कुंडी ठेवावी तशी. तुमच्या गावातल्या त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई भेटल्या आणि पोरगी 'ष' आणि 'श' वेगळा काढायला लागली! मला अजून जमत नाही.

तिच्या कानाच्या मशीनचे सेल पाठवले आहेत. रात्री मशीन कानामागून काढून डबीत ठेवते ना? आंघोळीला जाताना विसरते, तेवढं वहिनीला बघायला सांग. आणि आमच्या राजेंना आत्याचा गालगुच्चा. शाळेत जाता-येता बहिणीला सांभाळतो, फार मोठं काम करतो म्हणावं. तो आहे म्हणून मी निर्धास्त आहे.

तुझी ताई

२१ जानेवारी

ताई,

वाईट आधी. भिंगरीचे सेल फार लवकर संपतायत. तू पाठवलेलं अख्खं पाकीट दहा दिवसांत उडालं. म्हणते, "मामा, मशीन मधेच मरतं." मी नवा सेल टाकून दिला की घरी ठणठणीत चालतं. शाळेतून आली की पुन्हा तेच.

मी मशीन दुकानात नेलं. तुला माहीतच आहे, पंखा असो, पंप असो, मिक्सर असो, बिघाड सापडल्याशिवाय मला घास जात नाही. सेल बसतो ती पट्टी घासली, नळी बदलली, भिंग लावून झाळलेला एकेक टाका तपासला. काही नाही. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्यालाही दाखवलं. तो म्हणतो, मशीन उत्तम आहे, आणि पोरीने काढलेले सेलही अर्ध्याहून जास्त भरलेले आहेत. मग ती ते का काढते? विचारलं तर मशीन घेऊन आत जाते. मला वाटतं तार कुठेतरी आतून हलते आहे. सापडेल.

चांगलं म्हणजे तिच्या बाईंनी शाबासकी दिली. आणि तू येणार नाहीस हे तिला कळू दिलेलं नाही. काल जेवताना तो विषय निघाला तर मी आणि तुझी वहिनी नुसते ओठ हलवून बोललो, आवाज न काढता. समोर बसली होती, पण पत्ता लागला नाही. तिचं मन मोडू नये म्हणून आता आमची ही सवयच झाली आहे. राजे तर हसायलाच लागले, म्हणाले, बाबा, तुम्ही माशासारखे दिसता.

काळजी करू नकोस.

धाकटा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

वाईट आधी, आणि हे फार वाईट आहे. भिंगरीने मला तुमच्या नकळत पत्र टाकलंय. "मामाला सांगू नकोस" असं वर लिहिलंय, तरी सांगते. तिच्याच शब्दांत उतरवते.

"आई, माझं उरलेलं ऐकू येणं संपत चाललंय. मशीन खराब नाही, मामाने बघितलं. म्हणजे मीच खराब होतेय. मुलांचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. मी सेल बदलते तरी येत नाही. मग एकदम येतो, मग पुन्हा जातो. बाईंचा येतो. पक्ष्यांचा पण येतो. घरी कधी मामा-मामीचा येतो, कधी येत नाही. पूर्ण गेलं की मला बाईंकडे ठेवणार नाहीत ना? मी झोपताना मशीन काढत नाही. काढलं आणि सकाळी काहीच आलं नाही तर?"

वाचलंस? पोरगी रात्री झोपत नाहीये, धाकट्या! आणि मी इथे चादरींच्या घड्या घालत म्हणते, मला झोप लागते.

ती दोन वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढं टिकेल, पण खात्री नाही. ती 'खात्री नाही' मी आठ वर्षं उशाशी घेऊन झोपले आहे. आता तो दिवस आला का? उद्याच्या उद्या तिला कानाच्या डॉक्टरांकडे ने. दुकान बंद ठेव. ते जे काय म्हणतील ते मला पहिल्या ओळीत लिही. मला गोंजारू नकोस. मी दार लावून बसून वाचेन.

ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

इकडे सर्व क्षेम. थंडी ओसरली. शाळेच्या गच्चीवरचा पाण्याचा पंप बिघडला होता, तो दुरुस्त करायचं काम मला मिळालं आणि कालच करून आलो. मोटर जुनी पण दणकट आहे. तुझ्या वहिनीचा खोकला बरा आहे. राजे गणितात वर्गात तिसरे आले.

भिंगरीला डॉक्टरांकडे नेलं होतं. तपासणी झाली. कान आहेत तसेच आहेत, काडीचाही फरक नाही. तेव्हा तो घोर सोड.

शाळेत काही मुलं तिची थोडी चेष्टा करतात, असं दिसतं. पोरंच ती. मी बघतो. मी बोललो आहे. आता सगळं ठीक होईल.

तू तब्येतीला जप. जास्त विचार करू नकोस.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

धाकट्या,

वाईट आधी, आणि ते हे की तू मला काकांसारखं पत्र लिहिलंस. 'इकडे सर्व क्षेम'! वरती पंप, मोटर, खोकला, गणित, आणि माझ्या लेकीचे कान तिसऱ्या क्रमांकावर? तेही चांगली बातमी असताना? कान शाबूत आहेत ही तर नाचायची गोष्ट होती. ती तू पंपाच्या खाली दडवलीस, म्हणजे तिच्याही खाली काहीतरी आहे. 'सगळं ठीक होईल' वाचलं तेव्हा मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

काय चेष्टा करतात? कोण करतो? मला इथे बसून हजार गोष्टी दिसतात. मशीन हिसकावतात का? ढकलतात का? मशीन चांगलं, कान चांगले, आणि पोरीला ऐकू येत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

त्या मुलाचं घर शोध आणि सरळ दारात जाऊन उभा राहा. त्याच्या आईबापाला विचार, बाबांनो, तुमचं पोर घरात काय बघतं? असलं पोर आभाळातून पडत नाही. आणि आईबापाला माहीत असून ते गप्प बसले असतील तर त्या पोरापेक्षा मी त्यांना जास्त दोषी धरीन. माझ्यातर्फे सांग त्यांना. तुला जमत नसेल तर मी येऊन सांगते.

आणि राजेला विचार. त्याला सगळं माहीत असणार. त्याला म्हणावं, आत्याने सांगितलंय, मधल्या सुट्टीत तिच्याजवळून हलायचं नाही.

पहिल्या ओळीत उत्तर दे.

ताई

१९ मार्च

ताई,

वाईट आधी. तो मुलगा माझा आहे.

ही ओळ मला तू इथे होतीस तेव्हा तोंडाने सांगायची होती. अपघाताचा फोन केला तशी तू धुलाईघरातल्या कपड्यांनिशी निघून आलीस. भिंगरीचा मोडलेला हात प्लास्टरमध्ये, गुडघा सोललेला. तू राजेला जवळ ओढलंस, त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "तू ओरडलास म्हणून गाडीवाल्याने ब्रेक दाबला, नाहीतर माझी लेक गेली असती." मी दारात उभा होतो. तू पोरीला घेऊन गेलीस आणि मी तुला गाडीत बसवून हात हलवला. हात हलवला! काय माणूस आहे मी.

आता सगळं लिहितो. पंप दुरुस्त करायला मी शाळेच्या गच्चीवर गेलो होतो. मधली सुट्टी झाली. खाली बघितलं तर चार-पाच पोरं भिंगरीभोवती कोंडाळं करून उभी. त्यांची तोंडं जोरजोरात हलत होती, हातवारे चालले होते, आणि आवाज शून्य. खरं सांगतो, माझाच हात माझ्या कानाला गेला. वाटलं, माझेच कान गेले. इतक्यात टाकीवर कावळा ओरडला आणि तो मला स्वच्छ ऐकू आला.

भिंगरीने कानामागून मशीन काढलं, सेल बदलला, पुन्हा लावलं, मान हलवून बघितली. पोरांचे ओठ चालूच. ती दप्तरात दुसरा सेल शोधायला वाकली की पोरं हसून घ्यायची, आणि तिने वर बघितलं की पुन्हा नुसते ओठ. मधेच एखादा खराखुरा बोलायचा, म्हणजे तिला वाटावं, आला आवाज. आणि हे सगळं कधी चालू करायचं, कधी थांबवायचं, ते बोटाने दाखवणारा समोर उभा होता. आमचे राजे.

मी जिन्याने खाली यायला हवं होतं. मी पाना उचलला आणि नट आवळत बसलो. तिला सापडू नये म्हणून मागच्या बाजूने उतरलो. ताई, मी माझ्या पोराला घाबरलो. ज्याला मी खांद्यावर बसवून फिरवलं तो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर माझ्या ओळखीची नव्हती.

घरी त्याला म्हटलं, "असं करू नये." तो म्हणाला, "बरं." झालं, मिटलं! तुझी वहिनी म्हणाली, पोरकटपणा आहे, ताईंना कळवून कशाला आग लावायची. मलाही तेच हवं होतं. मग मी तुला पंपाचं पत्र लिहिलं. भिंगरीलाही काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कोण, कशाला, सगळंच आलं असतं. डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत, पण तिने डॉक्टरांवर विश्वासच ठेवला नाही. तिने का ठेवावा? तिला रोज दिसत होतं ना, आवाज येत नाही ते.

मग तिने मशीन वापरणंच सोडलं. आम्हाला कळलं नाही. उगाच सेल कशाला जाळायचे, म्हणून शाळेत पोचली की मशीन दप्तरात ठेवायची. त्या दिवशी शाळेमागच्या गल्लीत वह्यांच्या दुकानासमोर मालाची गाडी मागे येत होती. ती गाडीकडे पाठ करून उभी. राजे समोरच्या फुटपाथवर. गाडी बघून तो जिवाच्या आकांताने ओरडला. दुकानदार सांगतो, अख्खी गल्ली हादरली. आणि भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे ओठ हलत होते, आवाज नाही, नेहमीसारखंच. म्हणून ती जागची हलली नाही.

गाडीवाल्याला आवाज गेला. तिला नाही.

तू गेल्यावर राजे दोन दिवस जेवला नाही. काल मी त्याला समोर बसवलं. हात उगारला होता, तो तसाच खाली घेतला. विचारलं, "का केलंस? कुणी शिकवलं तुला हे?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही आणि आई करता ना. जेवताना. तुम्ही असं बोललात की ती कानाला हात लावायची, मग मशीन काढून बघायची. मला हसू यायचं. तुम्हाला दिसायचं नाही?"

नव्हतं दिसलं. तिचं मन मोडू नये म्हणून आम्ही तिच्यासमोर आवाज गिळत होतो, आणि ती आमच्या ताटासमोर बसून रोज थोडी थोडी बहिरी होत होती. मी त्या मशीनचा एकेक टाका तपासला, ताई. बिघाड माझ्या तोंडात होता.

तू लिहिलं होतंस, त्या मुलाच्या आईबापाच्या दारात जाऊन उभा राहा. माझं दार तर मी रोजच उघडतो. बाकीच्या पोरांच्या घरी मात्र राजेला घेऊन गेलो. त्याने स्वतः सांगितलं, मी सुरू केलं म्हणून. एका घरात आई रडायला लागली. एका बापाने मला चहा दिला आणि म्हणाला, "अहो, पोरंच ती, चालायचंच." महिन्यापूर्वी मी तुला हेच लिहिलं होतं, 'पोरंच ती', अगदी याच शब्दांत. चहा तसाच टाकून उठलो.

चांगलं मागून लिहायचं असतं. माझ्याकडे काही नाही.

धाकटा

४ एप्रिल

धाकट्या,

वाईट आधी. तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचली आणि ते मी इस्त्रीच्या टेबलाखाली टाकून दिलं. दिवसभर पायाखाली होतं. संध्याकाळी उचललं. तुझ्या पोराच्या डोक्यावरून फिरवलेला माझा हात मला दोन दिवस नकोसा झाला होता. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि जाईल असं खोटं लिहिणार नाही. गच्चीवरून तू खाली आला असतास तर तिचा हात शाबूत असता. हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, ते आपल्या दोघांत राहील.

आणि "एवढ्यात तिला काही सांगू नका" हे कुणी लिहिलं होतं? मी. तेव्हा तुझ्या ताटाशी मीही बसलेले होते असं समज.

तिला सांगायला मला आठवडा लागला. भीती वाटत होती, राजेदादाचं नाव ऐकून तिचं काय होईल याची. शेवटी तिच्या समोर बसले, मशीन नीट लावलं आणि सांगितलं. मुलं आवाज काढत नव्हती. दादा काढत नव्हता. मामा-मामीही कधी कधी काढत नव्हते. तुझे कान कुठेच गेलेले नाहीत.

ती रडेल म्हणून मी पदर तयार ठेवला होता. तिने विचारलं, "म्हणजे मला ऐकू येतं?" आणि उठून प्लास्टरच्या हातासकट घरभर गिरक्या घेत सुटली! भांडं वाजवून बघ, दार आपटून बघ, नळ सोडून बघ. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून. मी मात्र मोरीत जाऊन रडले. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरगी तीन महिने मरत होती.

पण धाकट्या, आता ती ओठांवर विश्वास ठेवत नाही. मी बोलले की माझ्या गळ्याला हात लावते. आत थरथरलं तरच मान हलवते. दूधवाल्याच्याही गळ्याला हात लावला, बिचारा मागे सरकला. नव्या शाळेत नाव घालायचंय, तिथे किती गळ्यांना हात लावणार ही? मला रात्री तेच दिसतं. ती अंगणात उभी आहे, भोवती तोंडं हलतायत, आणि तिचा हात पुढे झालेला आहे.

काल झोपताना तिने विचारलं, "दादा गाडी आली तेव्हा ओरडला, तो खरा आवाज होता?" म्हटलं, "हो, अख्खी गल्ली हादरली." मग म्हणाली, "काय म्हणत होता?"

मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रात चार वेळा बघितलं, तूही लिहिलेलं नाहीस. आणि तू आता पत्रात लिहूही नकोस. फोनवर तर नकोच.

राजेला घेऊन ये. प्लास्टर निघायच्या आत ये. मी दोघांना जेवायला वाढेन, गोड बोलेन असं वचन देत नाही. त्याला तिच्यासमोर उभं करायचं आणि तो त्या दिवशी जे ओरडला ते त्याने तिला सांगायचं, मोठ्याने. ती त्याच्या गळ्याला हात लावणार आहे. तो मागे सरकेल, रडेल, काहीही करेल. तू मधे पडायचं नाहीस, मीही पडणार नाही.

पहाटेची गाडी बरी पडेल. भिंगरी लवकर उठते. हल्ली मशीन काढून झोपते.

ताई